धोका पातळी 45

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत लालबुंद तोंडाच्या माणसाला कुणी दवाखान्याची वाट दाखवत नाही. उलट विचारतात, खुराक काय चाललाय? साठीच्या आसपास माझं तोंड असं लाल व्हायला लागलं तेव्हा तालमीतल्या जुन्या दोस्तांनी पाठीवर थाप मारली. "तात्या, अजून एखादं मैदान मारशील की!" दिवाळीला आक्का आली ती दारातूनच ओरडली, "आरं, टोमॅटोगत झालायस! वहिनी चांगली खायला घालतीया वाटतं." खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडलं होतं. आरशासमोर मिशीला पीळही भरून झाला.

ती लाली आजाराची होती, हे कळायला सव्वा वर्ष गेलं.

शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. फौंड्रीतून येणारी कास्टिंगं मशिनिंग करून द्यायची. पंपाची हाउसिंगं, फ्लँज, असला माल. आयटीआयला टर्नर झालो त्या दिवसापासून हात तेलात आहेत. त्यामुळे पुढं जे सांगणार आहे त्यात तेल, पंप आणि गेज येणारच. मला हा आजार दुसऱ्या कुठल्या भाषेत समजलाच नाही.

सुरुवात खाजेनं झाली, 2021 च्या थंडीत. आंघोळ करून बाहेर आलो, अंग पुसलं आणि पाच मिनिटांत पाठ, मांड्या, दंड असे खाजायला लागले की अंगात बनियन घालवेना. पुरळ नाही, गांधी नाहीत, कातडी स्वच्छ. आतून कुणीतरी सुया टोचतंय असं वाटायचं. अर्धा तास पंख्याखाली नुसत्या टॉवेलवर बसून राहायचो, मग आपोआप जायचं. दुसऱ्या दिवशी आंघोळ केली की पुन्हा तेच.

साबण बदलला. गीझरच्या पाण्यात काहीतरी असेल म्हणून माळ्यावरचा तांब्याचा बंब काढून पेटवला. खोबरेल चोपडून बघितलं, डाळीचं पीठ लावून बघितलं. कातडीच्या एका डॉक्टरांनी 'वयानं कोरडी पडते' म्हणून लोशन आणि झोप आणणाऱ्या गोळ्या दिल्या. झोप आली, खाज गेली नाही. शेवटी मी दिवसाआड आंघोळ करायला लागलो आणि घरात त्यावरून भांडणं. "अहो, पंचगंगेवरची म्हैस तरी रोज डुंबती!" असं मला साठाव्या वर्षी बायकोकडून ऐकावं लागलं.

मग तळव्यांची आग सुरू झाली. रात्री पांघरुणात पाय राहीनात. शहाबादी फरशीवर पाय टेकवून कॉटच्या कडेला आडवा पडायचो. पायाची दोन बोटं वांग्यासारखी जांभळट-लाल दिसायची. शुगर तपासली, ती नव्हतीच. दुपारनंतर डोकं इतकं जड व्हायचं की हेल्मेट काढायचं विसरलोय असं वाटून हात वर जायचा. कानात गिअरबॉक्सची घरघर. रक्तदाब वाढलेला निघाला, त्याची गोळी चालू झाली आणि सगळ्याला एक नाव मिळालं: बीपी. नाव मिळालं की माणूस शोधायचं थांबतो.

आता मागची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी 1988 पासून रक्त देत होतो. शिवजयंतीचं शिबिर कधी चुकवलं नाही, आणि मधे तीन महिने झाले की रक्तपेढीतही जायचो. शिबिरात बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात. ते मोरचुदाचं पाणी. ठरावीक घनतेचं बनवलेलं असतं. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल तर थेंब बुडतो, कमी असेल तर तरंगतो. माझा थेंब छऱ्यासारखा तळाला जायचा. पोरं म्हणायची, "काका, नाद खुळा!" आमच्या धंद्यात भोक मापायला प्लग गेज असतो. त्याची एक बाजू 'गो', दुसरी 'नो-गो'. 'गो' आत गेली पाहिजे आणि 'नो-गो' जाता कामा नये, तरच माल पास. त्या निळ्या पाण्याला 'नो-गो' बाजू नव्हती. रक्त पुरेसं आहे एवढंच ते सांगायचं. जास्त झालंय हे सांगायची त्याची बिचाऱ्याची सोयच नाही.

दुसरं असं की रक्त दिलं की मला बरं वाटायचं. पंधरा दिवस, महिनाभर डोकं हलकं, हातपाय मोकळे. मी ते पुण्य समजत होतो.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं, शिबिरंही. नंतर सुरू झाली, पण माझी सवय मोडली ती मोडलीच. म्हणजे दर तीन महिन्यांनी उघडणारा ड्रेन कॉक बंद झाला आणि टाकी भरत गेली. पुढं रक्तविकाराच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "शक्य आहे. तुम्ही नकळत स्वतःवर उपचार करत होता."

फेब्रुवारी 2023. सकाळी अकराची वेळ. कास्टिंगच्या भोकात डायल गेज लावून ते किती वाकडं फिरतंय ते बघत होतो. अचानक डाव्या डोळ्यापुढं वरून करडं काहीतरी सरकत खाली आलं. दुकानाचं शटर ओढतात तसं, हळू आणि पूर्ण. डोळा चोळला, काही नाही. उजवा झाकला तर अंधार. पाच-सात मिनिटांनी शटर पुन्हा वर गेलं. कारागिराला काही बोललो नाही. दुपारी डबाही खाल्ला. रात्री जेवताना सहज म्हणून सांगितलं तर पोराच्या हातातला घास तसाच राहिला.

सकाळी उठून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. बाहुली मोठी करायचं औषध घालून त्यांनी आत बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या शिरा फुगल्यात, वेड्यावाकड्या झाल्यात, रंग काळपट आहे. डोळ्याचा आजार नाही हा. इथून थेट लॅबला जा आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. उद्या नको, आज." पन्नास जण पाहून गेले असते तरी कळलं नसतं ते या माणसाला बॅटरीच्या उजेडात दिसलं. डोळ्यात रक्तवाहिन्या उघड्या दिसतात, कापावं लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी लॅबमधून फोन. "काका, सॅम्पल परत द्यायला येता का? मशीननं काहीतरी चुकीचं दाखवलंय." गेलो. परत तेच आलं. हिमोग्लोबिन 19.4. हिमॅटोक्रिट, म्हणजे शंभर भाग रक्तात तांबड्या पेशी किती ते, 59.8. पांढऱ्या पेशी 14,200. प्लेटलेट 6 लाख 80 हजार. चारही आकड्यांपुढं चांदणी, म्हणजे प्रमाणाबाहेर.

घरी येऊन जुनी फाइल काढली. 2021 मध्ये हर्नियाच्या ऑपरेशनआधी केलेला रिपोर्ट सापडला. हिमोग्लोबिन 17.8, पुढं तशीच चांदणी. तो वाचून "मस्त रक्त आहे तुमचं" असं मला सांगण्यात आलं होतं. कुणी सांगितलं ते लिहीत नाही. पण ती चांदणी कशासाठी छापतात, हा प्रश्न मला अजून पडतो.

रक्तविकाराच्या डॉक्टरांनी पहिली दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. सिगरेट? नाही. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का? बायको म्हणाली घोरतात, पण श्वास चालू असतो. फुप्फुसाचा काही आजार? उंच डोंगरावर राहता का? जोतिबाच्या पायथ्याला तरी नाही म्हटलं. मग चष्म्यावरून बघत, "तालमीत जाता म्हणालात. इंजेक्शनं वगैरे घेतलीत कधी?" मला हसू आलं. आमच्या वेळी बदाम, थंडाई आणि गंगावेशीत म्हशीच्या धारेचं दूध, एवढंच. पण प्रश्न खरा होता. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊन बॉडी करणाऱ्या पोरांचंही रक्त असं घट्ट होतं म्हणे. हवेतला प्राणवायू कमी पडला की शरीर तांबड्या पेशी वाढवतं, ते वेगळं. माझ्यात कारण नसताना वाढल्या होत्या.

त्यांनी काचेची एक नळी उजेडात धरली. माझंच रक्त, गरगर फिरवून बसवलेलं. खाली गडद तांबडं, वर पिवळं पाणी. "शंभर भाग रक्तात पुरुषाच्या साधारण पंचेचाळीस भाग तांबड्या पेशी असतात. तुमच्या साठ आहेत. बाकी चाळीस भाग पाण्यात त्यांनी वाहायचं कसं?"

हे मात्र मला चटकन कळलं. स्पिंडलला हलकं तेल लागतं आणि तिथं चुकून 90 नंबरचं गिअर ऑइल ओतलं तर काय होतं ते मी बघितलंय. मोटर तापते, बारीक भोकातून तेल पोचतच नाही. पाइप मोठा असेल तर एक वेळ निभतं, बारीक नळ्यांची मात्र वाट लागते. डोळा, मेंदू, पायाची बोटं, सगळ्या बारीक नळ्यांच्या जागा. आणि पेशी वाढतील तसा घट्टपणा सरळ रेषेत वाढत नाही. पन्नासच्या पुढं चढ उभा होतो. पंप, म्हणजे हृदय, ढकलत राहतं. म्हणून बीपी. आणि रक्त रेंगाळलं की गुठळी.

त्यांनी संशय बोलून दाखवला: पॉलिसायथेमिया व्हेरा. नाव ऐकून बायकोनं विचारलं, "हे नवीन निघालंय का?" नवीन नाही. 1892 मध्ये पॅरिसच्या वाकेझ नावाच्या डॉक्टरानं पहिल्यांदा लिहून ठेवलं. खरं कारण सापडायला मात्र 2005 साल उजाडलं. जॅक-टू नावाच्या जनुकात एका जागी बदल होतो आणि हाडाच्या मगजातल्या पेशींना 'बनवा, बनवा' असा हुकूम कायम मिळत राहतो. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव रोग्यांत हाच बदल सापडतो.

"म्हणजे कॉन्टॅक्टर चिकटला," मी म्हणालो.

डॉक्टरांना ते कळलं नाही, म्हणून समजावलं. मोटरच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर असतो. त्याचे पॉइंट जळून एकमेकांना चिकटले की तुम्ही स्टॉपचं लाल बटन कितीही दाबा, मोटर थांबत नाही. त्यांनी मान डोलावली. "असंच. फक्त इथं पॉइंट बदलून मिळत नाहीत."

पोरांना होईल का, हे बायकोनं विचारलं. हा बदल आईबापाकडून आलेला नसतो, आयुष्यात मधेच एका पेशीत घडतो, असं ते म्हणाले. तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा सैल झाला.

जॅक-टूचा नमुना मुंबईला गेला, दहा दिवसांनी पॉझिटिव्ह आला. तांबड्या पेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक तपासलं, ते फारच कमी निघालं. म्हणजे शरीर पेशी मागत नव्हतं, कारखाना स्वतःच्या मर्जीनं चालू होता. सोनोग्राफीत प्लीहा सुजलेली. मागच्या बाजूनं कमरेच्या हाडात सुई घालून मगजही काढला. बधिर करतात, तरी ओढताना आतून काहीतरी खेचल्याची जी कळ येते ती शब्दांत येत नाही. दहा सेकंदांचं काम, पण तालमीत खांदा निखळला होता त्याची आठवण झाली.

मग आकडा मिळाला. हिमॅटोक्रिट 45 च्या खाली ठेवायचं. 45 च का? इटलीत 365 रोग्यांवर अभ्यास झाला होता, 2013 मध्ये छापून आला. अर्ध्यांचं 45 च्या खाली ठेवलं, अर्ध्यांचं 45 ते 50. दुसऱ्या गटात गुठळीचे मोठे झटके आणि त्यातून मृत्यू जवळजवळ चौपट झाले. आता कोल्हापूरच्या माणसाला असा आकडा लगेच पटतो. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. पावसाळ्यात अख्खं गाव मोबाइलवर तेवढंच बघत असतं. माझी धोका पातळी 45, आणि पाणी होतं साठावर.

उपाय काय? रक्त काढायचं. माझा विश्वास बसेना. 2023 साल, एवढाली मशिनं, आणि उपाय काय तर शीर टोचून पिशवी भरायची! घरी आईला सांगितलं. ती शहाऐंशीची. ती अजिबात दचकली नाही. "तुंबड्या लावायचे पूर्वी, तसलंच की. रगात बिघडलं की काढायचंच."

चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, थेराप्युटिक फ्लेबोटोमी, 350 मिली. ज्या खुर्चीवर इतकी वर्षं दाता म्हणून बसलो तिथंच आता रोगी म्हणून. तेव्हा फुकट कॉफी-बिस्किटं आणि सर्टिफिकेट मिळायचं, आता काउंटरला पावती फाडायची. सुई तीच, सोळा गेजची, सळईसारखी. रक्त मात्र यायला तयार नव्हतं. एरवी सात-आठ मिनिटांत पिशवी भरायची, ती भरायला वीस मिनिटं लागली. नळीतलं रक्त काळपट, जळक्या ऑइलसारखं. टेक्निशियन मुलगी नळी दाबून दाबून पुढं सारत होती. "काका, मूठ उघडझाप करा. आणखी. बॉल दाबा." दुसऱ्या हातातून सलाइन चालू, म्हणजे गेलेल्या जागी पाणी भरायचं.

पिशवी भरल्यावर तिनं मार्करनं वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: वापरायचे नाही. ते वाचून मला जे वाटलं ते डोळ्यांच्या शटरच्या वेळीही वाटलं नव्हतं. इतकी वर्षं माझं रक्त कुणाच्या तरी बाळंतपणात, कुणाच्या अपघातात गेलं होतं. आता ते पिवळ्या पिशवीतून नष्ट करायला जाणार. मी तिला विचारलं, "आधी दिलेलं ज्यांना चढवलं त्यांना काही...?" ती म्हणाली, डॉक्टरांना विचारा. डॉक्टर म्हणाले, रक्त चढवल्यानं हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण नियमानं तुम्ही आता दाता म्हणून कायमचे बाद.

पहिल्या महिन्यात पाच पिशव्या. तिसरीनंतर शहाणपणा केला. दहा मिनिटं पडून राहा म्हटलेलं असताना उठलो, गाडीला किक मारली आणि दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला डोळ्यांपुढं अंधारी. रिक्षावाल्यानं गाडी धरली म्हणून वाचलो. तेव्हापासून पोरगा बरोबर असतो आणि गाडीच्या किल्ल्या त्याच्याच खिशात.

एकदा शेजारच्या कॉटवर गडहिंग्लजकडचे एक शेतकरी होते. त्यांचंही रक्त घट्ट, नाकातून रक्त यायचं, डोळ्यांपुढं धूसर. पण त्यांच्या तांबड्या पेशी उलट कमी होत्या. त्यांच्या रक्तातल्या पिवळ्या पाण्यातच एक प्रथिन बेसुमार वाढलं होतं. त्यांचं रक्त मशीनमधून फिरवून पिवळं पाणी तेवढं काढून घेत होते आणि पेशी परत देत होते. पेशी कमी म्हणून सरळ रक्ताच्या बाटल्या चढवल्या असत्या तर आणखी घट्ट होऊन जीवावर बेतलं असतं, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. माझी हकीकत ऐकून म्हणाले, "म्हंजे तुमच्यात चोथा जास्त झालाय, आणि माझ्या रसाचीच काकवी झाल्या." इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

आता गोळ्यांचं. बोलताना आपण सगळेच 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो. इकोस्प्रिन 75 लिहून दिली तेव्हा मला वाटलं, झालं, आता पिशव्या बंद. डॉक्टरांनी तिथंच अडवलं. ती गोळी रक्त पातळ करत नाही, प्लेटलेट एकमेकांना चिकटू देत नाही. तेल तेवढंच घट्ट राहतं, फक्त गाळ धरत नाही. पातळ व्हायचं ते सुईनंच. गल्लीत हे समजावणं अवघड. एकानं रोज दहा पाकळ्या लसूण खायला सांगितली, दुसऱ्यानं जवस, तिसऱ्यानं तर मोठ्या विश्वासानं अर्जुनाची साल आणून दिली. पण एक खरं, त्या गोळीनं तळव्यांची आग चार-पाच दिवसांत गेली. रात्री पांघरुणात पाय ठेवून झोपलो त्या सकाळी बायकोनं चहाबरोबर खारी दिली, एवढंच, बोलली काही नाही.

वय साठच्या वर, शिवाय डोळ्याचा झटका, म्हणून हायड्रॉक्सीयुरियाची 500 मिलीग्रॅमची कॅप्सूलही लागली. मगजाचा कारखाना हळू करायला. हिचं नाव पोरानं मोबाइलवर टाकलं आणि 'केमोथेरपी' असा शब्द आला. त्याच्या मागोमाग दुसरा शब्द आला, जो आमच्या घरात काकांच्या वेळेपासून मोठ्यानं उच्चारत नाहीत. दोन दिवस घरात भांड्यांचाही आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी मीच डॉक्टरांना तोंडावर विचारलं. त्यांनी लपवलं नाही. "हो, रक्ताच्या कॅन्सरच्या यादीत हा आजार आहे. पण संथ चालणारा. नीट सांभाळलं तर माणसं वर्षानुवर्षं काम करतात. काहींचा मगज पुढं वाळतो, थोड्यांचा तीव्र कॅन्सरकडं जातो, म्हणून लक्ष ठेवायचं. आज तुमचा शत्रू गुठळी आहे." मला सरळ बोलणारा माणूस आवडतो. शत्रू एक असला की डाव टाकता येतो.

त्या कॅप्सूलनं नखांवर काळपट रेघा आल्या. अधूनमधून तोंड येतं. तोंड आलं की तांबड्या रश्श्याकडं नुसतं बघायचं आणि पांढऱ्यावर भागवायचं. रविवारी हे किती कठीण आहे ते कोल्हापूरकरालाच कळेल.

पण खरी परीक्षा झाली ती लोहाची. पोरानं हिशेब करून दाखवला. माझ्या तेव्हाच्या रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे मिलीग्रॅमच्या वर लोह जातं, आणि माणसाच्या अख्ख्या अंगात असतं तीन-चार ग्रॅम. एका खिळ्याएवढं! आठ-दहा पिशव्यांत निम्मा खिळा गेला. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासलं तर फक्त 6. आता हिमोग्लोबिन चांगलं असूनही जिना चढताना थकवा, ओठांचे कोपरे फाटलेले, आणि बर्फ चघळायची विचित्र हाव. रसवंतीवर जाऊन रस नको, नुसता बर्फ दे म्हणायचो. तोंडाची लाली गेली. लोक बघून म्हणायला लागले, "तात्या, उतरलायसा की."

आणि सुरू झाला खुराक. आक्का डबा घेऊन आली, त्यात पाया सूप, बीट, खजूर आणि वर लोहाच्या टॉनिकची बाटली. "मी सांगतो तुला, महिन्यात पैलवान होतोस बघ." तिला कसं सांगायचं की ही कमतरता मुद्दाम केलेली आहे? चिकटलेला कॉन्टॅक्टर सुटत नाही, मोटर बंद होत नाही, मग मशीन उपाशी ठेवायचं, कच्चा माल द्यायचा नाही. टॉनिक प्यालो की दोन आठवड्यांत पाणी पुन्हा पन्नास फुटांवर. मटण बंद नाही केलं डॉक्टरांनी, नेहमीचं जेवण जेवा म्हणाले. फक्त लोहाची गोळी आणि टॉनिक विचारल्याशिवाय नाही. आक्काला ते पटायला सहा महिने लागले. "रगात काढत्यात आणि वर लोखंड खाऊ नको म्हणत्यात, असला कसला डॉक्टर!" हे तिचं अजूनही अधूनमधून चालू असतं. टॉनिकची बाटली फडताळात तशीच आहे, सीलबंद. टाकून दिली तर तिला कळेल.

मेच्या मध्याला 45.6. जूनमध्ये 44.2. त्या दिवशी पोरानं घरच्या ग्रुपवर टाकलं, 'बाबांचं पाणी धोका पातळीखाली.' 2024 मध्ये तीनच पिशव्या लागल्या, नंतर आणखी कमी. डोकं हलकं आहे, बीपीची गोळी निम्म्यावर आली, डोळ्याचं शटर परत आलं नाही. उन्हाळ्यात फौंड्रीत जायचं असलं की पाण्याची बाटली बरोबर. अंगातलं पाणी कमी झालं तरी रक्त घट्ट होतंच. खाज मात्र पूर्ण गेली नाही. कोमट पाणी घ्यायचं, टॉवेलनं घासायचं नाही, नुसतं टिपायचं. रोज आंघोळ करतो. तक्रारीला जागा ठेवलेली नाही.

यंदाच्या शिवजयंतीला तालमीत शिबिर होतं. मला कॉटवर जागा नाही, म्हणून बिस्किटांच्या टेबलावर बसवलं. समोरच निळ्या पाण्याची बाटली. एक पोरगा आला, विशीतला, दंड फुगलेले, तोंड असं तांबडंलाल. त्याचा थेंब टपकन बुडाला. "चला, झोपा," टेक्निशियन म्हणाला.

मी उठून गेलो. "जरा मशीनवर आकडा बघता का याचा?"

"बुडाला की काका. चालतंय."

"चालतंय ते कळलं. आकडा सांगा की."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग बहुतेक माझ्या वयाकडं बघून पट्टी काढली आणि मशीनमध्ये घातली. 15.2. पोरगा कॉटवर जाऊन झोपला. मी परत येऊन टेबलावर बसलो आणि त्याच्यासाठी दोन पुडे बाजूला काढून ठेवले.